जिभेला लागू देऊ नका

"आ करा," बायको म्हणाली. "अजून मोठा. आणि जीभ आत घ्या."

जिभाऊंनी आ केला. त्यांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळीकडे ते जिभाऊच. चहाच्या कंपनीत चहा चाखायची नोकरी, तीही सव्वीस वर्षांची, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. त्या घरात खोकल्याची गोळीसुद्धा भाषणाशिवाय मिळत नसे, आणि आज तर लवंगेचं तेल होतं. तिने वाटीत चमचाभर खायचं तेल घेतलं आणि छोट्या तपकिरी बाटलीतला एकच थेंब त्यात सोडला.

"एकाने काय होणार? दोन-चार टाक की."

"नुसतं लावलं तर हिरडी भाजून निघेल. हे तेल गरम असतं."

जिभाऊंनी बाटलीला बोट लावलं. "गार तर आहे."

"विनोद पुरे. काल हाताला लावून पाहिलं, लाल झालं नाही, म्हणून आज लावतेय. कुठला दात?"

जिभाऊंनी उजवीकडे बोट दाखवलं.

"काल डावीकडचा म्हणालात."

"कळ तिकडून इकडे येते."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग काडीला कापूस गुंडाळला, वाटीत बुडवला, कडेला दाबून निथळवला. "फक्त दाताला. जिभेला लागू देऊ नका, बधिर होईल. गिळायचं नाही, थुंकायचं. दुपारी वाटलंच तर एकदा, बास. आणि संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडे जायचं. ही तात्पुरती सोय आहे, इलाज नव्हे."

"फार वास येतोय का गं?"

"विचारता काय? सगळं घर दरवळतंय."

जिभाऊंना बरं वाटलं. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, नातीचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ती ठेवली आणि साबणाने हात धुवायला गेली. तिची पाठ वळताच जिभाऊंनी वाटीतला कापूस उचलला आणि जिभेवरून दोनदा फिरवला.

दात दुखत नव्हताच. बत्तीसच्या बत्तीस ठणठणीत होते.

दहा महिन्यांपूर्वी आलेला ताप चार दिवसांत गेला, पण जाताना त्यांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. जिभाऊंनी धीर धरला आणि तोंड बंद ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही. ती एकदा आमटीत मीठ घालायला विसरली, तेव्हा त्यांनी "झकास" म्हणून दोन वाट्या संपवल्या आणि नंतर न्हाणीघरात जाऊन डोळे पुसले. चाखणाऱ्याची जीभ गेली म्हणजे मग उरलं काय?

कंपनीत मात्र नशिबाने साथ दिली होती. रोज कप मांडले जात. आधी जिभाऊ घोट घेत, तोंडात घोळवत, थुंकत आणि पानांचा रंग पाहून काहीतरी ठोकून देत. "थोडा कडवट." मग मोठे साहेब घोट घेत, डोळे मिटत, मान हलवत. "कडवटच." ज्या साहेबांच्या जिभेला सगळी कंपनी टरकून होती, त्यांनी दहा महिन्यांत एकदाही जिभाऊंना खोडून काढलं नव्हतं. बाजारातूनही तक्रार नव्हती. सव्वीस वर्षांत आपल्या डोळ्यांनाच चव कळायला लागली असावी, असं जिभाऊंनी मनाला समजावलं होतं.

पण आज वार्षिक परीक्षा होती. सात कप, रंग एकसारखा, पानं दाखवायची नाहीत. आधी जिभाऊंनी सांगायचं, मग साहेबांनी, आणि मालक बंद पाकीट उघडून उत्तरं ताडून पाहणार. इथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. चुकले की नोकरी गेली. एक-दोन महिने परीक्षा पुढे गेली, तर तोवर चव परत येईल, एवढीच आशा होती.

ते कंपनीत पोचले तेव्हा साहेबांच्या टेबलावर सात पांढरे कप तयार होते. मालक बाहेरच्या खोलीत बसले होते.

"साहेब, दाढ फार ठणकत होती," जिभाऊ गाल धरून म्हणाले. "लवंगेचं तेल लावलंय. जीभ पार बधिर झालीय. हवं तर वास घ्या."

साहेबांनी वास घेतला नाही. "किती वेळ राहतं हे?"

"दोनेक तास तरी. आजचं पुढे ढकलता आलं तर बरं होईल."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग ते उठले आणि त्यांनी दाराला कडी लावली. जिभाऊंना वाटलं, कळलं यांना, संपलं सगळं.

"मालक ऐकायचे नाहीत," साहेब म्हणाले. "त्यांना दुपारी बाहेरगावी जायचंय. निकाल घेऊनच जाणार ते."

"मग तुम्ही एकटेच सांगा ना साहेब. तुमच्या जिभेपुढे माझी ती काय. तुम्ही सांगाल ते मालक मान्य करतील, आणि माझं पुढच्या महिन्यात बघू."

साहेबांनी पहिला कप उचलला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. थुंकायचं सोडून गिळून टाकला. मग कप खाली ठेवला.

"जिभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "मला सहा वर्षं झाली, कशाचीच चव लागत नाही. रोज तुम्ही जे म्हणता, तेच मी म्हणतो."