जाड तारा

रशीदभाईंनी दुकानात आलेल्या पोरीची गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरून तिच्या मानेवरून नजर फिरवली. मान पुढे वाकली होती.

"उन्हाळ्यात मी बारीक तारा लावून, मान त्यांना बेतून दिली होती. ही बैल बांधायची दोरखंडं कुणी चढवली?"

"मी!" पोरीचा बाप गुरकावला. "दिवसभर घरात पिरपिर! म्हटलं, बोटं सोलली की चार दिवसांत हौस फिटेल. मान वाकली ते बरंच झालं. आता हिला सांगा, गिटार दुरुस्त होत नाही."

रशीदभाईंनी पोरीची बोटं पाहिली. टोकांना चिरा होत्या, चिरांवर घट्टे. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिरजेत तीन पिढ्या सतारी घडवणाऱ्या त्यांच्या घराने वाद्याच्या आडून उगवलेला असा सूड कधी पाहिला नव्हता.

"खोटं बोलायला मी तुमचा नोकर नाही, साहेब. लाज वाटू द्या." त्यांनी पक्कड उचलली. "बेटा, आत्ता कापून फेकतो या तारा."

"नको, चाचा." पोरीने पक्कड धरली. बापाच्या ओठांवर जिंकल्याचं हसू पसरलं.

त्या हसण्याकडे बघतच ती म्हणाली, "याच तारांवर तीन महिने रक्त काढलंय मी. आता बारीक तारा बोटांना जाणवणारसुद्धा नाहीत. याच ठेवा. मानेतली सळई तेवढी आवळा, म्हणजे मान यांचा ताण पेलेल. शिवाय यांचा आवाज मोठा येतो, चाचा. घरभर जातो."