पुढची तारीख

दुकानासाठी नेलेले पैसे भाऊ काही केल्या परत देईना, तेव्हा ताईने सख्ख्या भावावर कोर्टात दावा ठोकला आणि घरचं येणं-जाणं तुटलं. दर तारखेला तो "जमवाजमव चालू आहे, साहेब" म्हणत मुदत मागायचा. मग बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसून थर्मासमधला अर्धा चहा तिला द्यायचा. "गुडघे काय म्हणतायत, ताई?" एवढंच बोलणं व्हायचं.

आज निकाल तिच्या बाजूने लागला. त्याने पिशवीतून नोटांचं बंडल काढून तिच्या हातात ठेवलं. तिला ना आनंद झाला, ना वाईट वाटलं. मोजायचे म्हणून तिने बंडलावरची बँकेची कागदी पट्टी सोडली.


पट्टीवर शिक्का होता तीन वर्षांपूर्वीचा, दाव्याच्या पहिल्या तारखेच्या आदल्या दिवसाचा.