माक्विंजांचा घोडा

“आधी खर्च कर, मग पावती आण, मग पैसे घेऊन जा,” माक्विंजा म्हणाले.

“खर्चायला असते तर इथं कशाला आले असते, बाम्बो?” झियोने म्हणाली.

राष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं ब्लँटायरमधलं कार्यालय म्हणजे लिंबे बाजारामागची एक खोली आणि खजिनदार माक्विंजा, सगळ्यांचे ‘बाम्बो’, म्हणजे बाबा. खोली गळायची, माक्विंजा नाही. अध्यक्षांनी एकदा हॉटेलच्या बिलात घरी नेलेली कोंबडी घुसवली होती. माक्विंजांनी कोंबडीपुरती रेघ मारली आणि बाकीचे पैसे हसतमुखानं मोजून दिले. तेव्हापासून अध्यक्ष त्यांच्यासमोर खुर्चीत ताठ बसत. पण पावती आणली आणि पैसे बुडाले, असं आजवर एकाही खेळाडूच्या बाबतीत घडलं नव्हतं.

झियोने प्राथमिक शाळेत शिकवायची. हरारेला विभागीय स्पर्धा होती. तिथं निम्मे गुण मिळाले तरी मास्टरचा किताब पदरात. अडलं होतं ते बसभाडं आणि राहण्याचा खर्च यावर. मुख्याध्यापिकाबाईंनी उसने देऊ केले, ते तिनं नाकारले. वडिलांची उसनवारी फेडता फेडता ती मोठी झाली होती. उसनं आणि फुकटचं, दोन्ही तिच्या घशाखाली उतरत नसत.

“आगाऊ एक तंबालासुद्धा मिळणार नाही,” माक्विंजा म्हणाले. “तुला दिले तर उद्या अध्यक्ष रांगेत उभे राहतील.”

झियोने उठली. दारात थांबून म्हणाली, “बुद्धिबळाचे पैसे सांभाळता ना, बाम्बो? घोडा कसा चालतो ते तरी ठाऊक आहे का?”

बाहेर जुने कपडे विकणारा साइझी खो खो हसला. त्याच्याच टेबलावर बाजारातली मंडळी पैसे लावून पट मांडत.

माक्विंजांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “संध्याकाळी ये साइझीकडे. पैसे लावून खेळू. दाखवतो तुला घोडा.”

दाखवला खरा. डाव रंगण्याआधीच झियोनेनं तो खाल्ला.

मग ते रोजचंच झालं. आधी माक्विंजांचा घोडा जायचा. मग ते डोकं खाजवायचे. मग साइझीच्या लंगड्या टेबलाला एक शिवी हासडायचे आणि हरायचे. पैसे देताना म्हणायचे, “उद्या दुप्पट!”

“बाम्बो, घोड्याची पावती घेऊन ठेवा,” साइझी ओरडायचा. “महासंघाकडून परत मिळेल!”

“तू तुझ्या विजारी वीक.”

बघे तळलेली गोड मंदासी खात हसायचे. कचेरीत सिंह असलेला माणूस पटावर असा शेळी व्हावा, याचा बाजाराला फार आनंद झाला होता. एरवी सायकलवरून येणारे माक्विंजा एके दिवशी पायीच आले.

“सायकल कुठंय, बाम्बो?”

“दुरुस्तीला. तोंड बंद, खेळ.”

झियोनेला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण हे पैसे जिंकलेले होते, उसने नव्हते. भाड्यापुरते जमले तशी ती हरारेच्या बसमध्ये बसली, आणि शेवटच्या फेरीत बुलावायोच्या एका डॉक्टरीणबाईंना हरवून किताब घेऊनच परतली. साइझीनं तिला एक कोट भेट दिला. तिनं त्याचे पैसे दिले.

मग ती पावत्या घेऊन कार्यालयात गेली. माक्विंजांनी एकेक पावती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

“सीमेवरचा चहा कापला. पावती नाही.”

“चहावाली पावती देते का हो, बाम्बो?”

“मग तो चहा तुझ्याकडून.”

बाकी सगळी रक्कम तिच्या हातात पडली. ती बाहेर आली, तर भिंतीला सायकल टेकलेली नव्हती.

“अजून दुरुस्तीलाच?” तिनं वळून विचारलं.

“सुटे भाग मिळत नाहीत हल्ली.”

झियोने तशीच उभी राहिली. म्हाताऱ्यानं सायकल पटावर घालवली होती. तिनं ती हरारेला नेऊन खर्चून टाकली होती, आणि आता तो खर्चही तिला परत मिळाला होता. पैसे नेऊन दिले असते तर माक्विंजांनी विचारलं असतं, कशाबद्दल? पावती?

संध्याकाळी तिनं सगळ्या बाजारासमोर आवाज दिला. “बाम्बो, होऊन जाऊ दे एक डाव! भाड्याची सगळी रक्कम लावते.”

“अगं, किताब मिळाला म्हणून म्हाताऱ्याची विजारही घेणार का?” साइझी म्हणाला. “ती माझ्याकडचीच आहे. अजून पैसे यायचेत.”

पट मांडला. चार-सहा खेळ्या झाल्या आणि झियोनेनं आपला वजीर उचलून सरळ माक्विंजांच्या उंटासमोर ठेवला. मंदासी खाणारे थांबले.

“अरे देवा,” झियोने कपाळावर हात मारून म्हणाली. “चुकलंच!”

माक्विंजांनी उंटाला हात लावला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पटावर वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“पोरी, वजीर असा ताटात वाढला तर साइझीलासुद्धा कळतं. आधी घोडा घालवायचा. मग डोकं खाजवायचं. मग टेबलाला शिवी.”