छापलं नव्हतं ते नाव

बलात्काराच्या खटल्याची बातमी आली, पण कायद्याप्रमाणे मुलीचं नाव नव्हतं. फक्त 'केटा गावातली शिवण शिकणारी तरुणी' एवढंच छापलं होतं.

"झिफाच असणार," बाजारात मासळीवाल्या बायकांनी ठरवून टाकलं. "उगाच का घरात तोंड लपवून बसलीय?"

झिफा हिवतापाने अंथरुणावर होती. तिचं ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं.

रविवारी चर्चमध्ये झिफाची आई रडत म्हणाली, "माझी पोर नाही हो ती." कुणीच तिच्याकडे बघितलं नाही.

झिफाबरोबर शिवण शिकणारी एसिनाम बाकावरून उठली. तिच्या आईने तिचा हात घट्ट धरला. "खाली बस गं. कायद्यानं तुला झाकलंय."

"आणि झिफाला?" एसिनामने हात सोडवून घेतला.

मग सगळ्यांकडे तोंड करून ती म्हणाली, "ती मी आहे."