न फोडलेलं पाकीट

आमचं सुतारकाम. शाळांच्या बाकांचं टेंडर निघालं की आमचा दर बायकोच लिहायची आणि पाकीट डिंकाने चिकटवायची. मला आकडा सांगायची नाही. म्हणायची, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. चारचौघांत बोलून बसाल."

यंदाचं टेंडर तिने स्वतः पेटीत टाकलं आणि आठ दिवसांनी ती गेली.

टेंडर उघडायच्या दिवशी मी एकटाच गेलो. आधी कागदपत्रं तपासतात. ती पुरी असली तरच दराचं पाकीट फोडतात, आणि आतला कागद कायमचा सरकारी फायलीत जातो.

"काका, नोंदणीचा मूळ दाखला तेवढा दाखवा," साहेब म्हणाले.

"सापडत नाही, साहेब."

"अहो, वर्षभराचं काम आहे. घरी बघून या. चारपर्यंत थांबतो मी."

मी तिथेच बाहेर बसून राहिलो. चार वाजले. साहेबांनी हळहळत आमचं पाकीट न फोडता परत दिलं. वर तिचं अक्षर, कडेला सुकलेल्या डिंकात तिच्या बोटाचा ठसा.



घरी येऊन मी सदऱ्याच्या खिशातला दाखला काढला आणि कपाटात जागेवर ठेवला.