एर्मिलाचा पहिला सोल

"प्रेस उघडू का?" एर्मिलाने विचारलं, आणि लिऑन शहरातल्या त्या गल्लीतले सगळे जोडेवाले एक पाऊल मागे सरकले.

बोली सरळ होती. प्लास्टिकचे सोल काढायच्या या नव्या प्रेसमधून पहिला सोल धड निघाला, तर जोड्यांचा कारखाना सुनेच्या, एर्मिलाच्या हाती. बिघडला, तर प्रेस भंगारात आणि पुन्हा चामडं. सासरा, उस्ताद एलादिओ, दारात हाताची घडी घालून उभा होता. जन्मात त्याने चामड्याखेरीज कशाला टोचा लावला नव्हता.

"प्लास्टिक ते प्लास्टिक," तो म्हणाला. "मे महिन्याच्या उन्हात रस्त्याला चिकटेल, नि माणूस अनवाणी घरी येईल."

"नाही चिकटणार, उस्ताद. पेरॉक्साइड घातलंय त्यात. तापलं की ते आतल्या धाग्याला धागा बांधत सुटतं. एकदा गाठ बसली की वितळायचं नाव नाही."

"सोल करतेयस की लग्न लावतेयस?" चोना म्हणाली. ही कोपऱ्यावरची पाववाली. डुकराच्या कुरकुरीत सालट्यांनी भरलेल्या पावांची टोपली कडेवर घेऊनच ती बघायला आली होती.

एर्मिलाने दांडा ओढला.

फाट्! सोल साच्यातून उडाला, हवेतच फुगला, भिंतीवरच्या, जोडेवाल्यांच्या संत क्रिस्पीनच्या मूर्तीची टोपी वाकडी करून चोनाच्या टोपलीवर आदळला. पाव गल्लीभर उधळले. कुत्री आधी जीव घेऊन पळाली. मग पावांचा वास आला तशी परत फिरली.

सोल फरशीवर वाफाळत पडला होता. तान्हं मूल निजवावं, एवढा.

"कुणाच्या मापाचा गं?" चोनाने विचारलं. "चर्चच्या मनोऱ्याच्या?"

गल्ली खदखदली. एर्मिलाने टेप घेतला आणि सोल सोडून साच्याला लावला. चोवीस सेंटिमीटर. तिच्या स्वतःच्या पायाचं माप, तंतोतंत.

"उस्ताद! साचा पायाहून लहान करायला सांगितला होता ना मी? हा बाहेर पडला की फुगतो!"

"पायाहून लहान साचा? लोक हसले असते मला! मीच साचेवाल्याकडे जाऊन माप सुधारून आलो." एलादिओ जराही वरमला नाही. "चामडं असला आगाऊपणा करत नाही. कापलं तेवढंच राहतं. बिघडला तो बिघडला. काढा प्रेस बाहेर."

चामड्यावर फिरवायची तापलेली इस्त्री एर्मिलाने उचलली आणि सरळ सोलवर दाबली.

इस्त्री उचलली. तार नाही, चिकटा नाही. दबलेला खळगा हळूहळू वर आला आणि सपाट झाला.

एलादिओ पुढे आला. अंगठा रुतवला, खळगा भरून आला. टाच रुतवली, तोही भरून आला. मग त्याने दोन्ही बूट काढले, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्या एकाच सोलवर दोन्ही पायांनी उभा राहिला. गुडघे वाकवले. सोलने त्याला अलगद वर ढकललं. त्याने पुन्हा वाकवले.

"मग?" एर्मिला म्हणाली. "काढू प्रेस बाहेर?"

"खाली उतरलो की बोलू."

संध्याकाळी गल्लीतली दुकानं बंद झाली, तरी उस्ताद उतरला नव्हता.