थ्रेस्याला शून्य गुण

“यावर कुणाचा विश्वास बसणार नाही,” औसेप खाटेवरून म्हणाला, “पण परवा माझी अंत्ययात्रा निघाली आणि मी बदकाचं कालवण खाऊन परत आलो.”

दवाखान्यातली नर्स, सिस्टर शाइनी, पिशवी आवरता आवरता थांबली. ती आली होती एका अभ्यासासाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरात जे करतात, त्यांचा भार कसा हलका होईल ते डॉक्टर लोक तपासत होते. ज्याचा भार जास्त, त्याच्या घरी दर बुधवारी दुपारी एक बाई येऊन तीन तास बसणार होती.

औसेपच्या बायकोला, थ्रेस्याला, ते तीन तास हवे होते. बुधवारी चर्चच्या अंगणात बायका सणासाठी दिव्याभोवती फेर धरायचा सराव करतात. फेर बारा जणींचा. औसेपचे पाय गेल्यापासून अकराच जणी नाचतात, आणि थ्रेस्याची जागा मोकळी ठेवून नाचतात.

पण प्रश्न सुरू झाले आणि थ्रेस्यानं घोळ घातला. चिडचिड होते का, थकवा येतो का, पळून जावंसं वाटतं का, असे वीस प्रश्न. आपण आत बसू या, असं शाइनीनं सुचवून पाहिलं. थ्रेस्या म्हणाली, आमच्यात लपवाछपवी नाही. मग नवऱ्याच्या उशाशी ताठ बसून, लहानपणी पाद्र्यापुढे धर्माची प्रश्नोत्तरं म्हणायची तशी, तिनं विसाच्या वीस उत्तरं खणखणीत दिली: कधीच नाही.

भार शून्य. लागत होते निदान वीस गुण.

शाइनीनं ओशाळून ते सांगितलं. थ्रेस्या “असू दे” म्हणाली आणि चहाचे पेले गोळा करायला लागली. औसेपनं विचारलं, मी सांगितलं तर चालेल का. चालणार नव्हतं. सही होईपर्यंत उत्तर बदलता येतं, पण ते आजाऱ्याचं करणाऱ्यानंच स्वतःच्या तोंडानं बदलायचं.

म्हणून आता त्यानं ही गोष्ट सुरू केली होती.

परवा त्याला ताडीच्या दुकानातलं बदक खावंसं वाटलं. थ्रेस्यानं त्याला खाटेसकट होडीत घातलं आणि बांबू टेकत कालव्यातून निघाली. पांढऱ्या चादरीतला औसेप बघून काठावरच्या पुरुषांनी गुडघ्यावर दुमडलेले लुंगीसारखे मुंडू अदबीनं खाली सोडले. चर्चची घंटा वाजली. मागे नऊ हाउसबोटी लागल्या. दुकानदारानं तर दुःखानं दुकानच बंद करायला घेतलं, तेव्हा औसेपला उठून बसावं लागलं. म्हणाला, आधी बदक वाढ, मग रड. पाद्र्याची प्रार्थना संपेपर्यंत औसेपच्या दोन ताटल्या संपल्या होत्या.

शाइनीनं तोंडावर हात धरला होता. थ्रेस्या पाठमोरी होती, पण तिच्या हातातले पेले एकमेकांवर वाजत होते.

“आणि त्या वाटेत,” औसेप छताकडे बघत म्हणाला, “चाळीस वेळा पेल्यावर चमचा वाजवला मी. कूस बदल, पाणी दे, पाठ खाजव. पण ही बाई संत आहे, पोरी. एकदा तोंड वाकडं केलं नाही. रोजच नाही करत. हसत येते, हसत जाते. लिहून घे तसं.”

थ्रेस्या वळली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी बोट तिनं औसेपवरच रोखलं.

“होडी खरी धरते, बदकही खरं धरते,” ती म्हणाली. “पण हे शेवटचं धादांत खोटं. रोज तोंड वाकडं करते मी. दर चमच्याला करते. स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून करते. शाइनी, तो पहिला प्रश्न परत वाच गं.”